परदेशात पाठवलेले पैसे भलत्याच खात्यात गेले तर काय करायचं

मी सातपूरला इम्पोर्ट एक्स्पोर्टच्या कागदांचं काम करतो. शिपिंग बिल (बाहेर जाणाऱ्या मालाचा कस्टमचा कागद), बिल ऑफ एंट्री (आत येणाऱ्या मालाचा), बँकेचे फॉर्म, असलं सगळं. पोलीस नाही, वकीलही नाही. पण मागच्या वर्षी अंबडच्या एका शेठचे अठरा हजार चारशे युरो उडाले आणि त्यामागे मी आठ महिने पळालो, त्यात जे शिकलो ते इथे एकदाच लिहून ठेवतो, कारण तेव्हापासून महिन्याला एक तरी फोन येतोच की भाऊ आमचंपण तसंच झालंय, आता काय करू.

झालं असं. शेठने इटलीतून एक सेकंडहँड ग्राइंडिंग मशीन ठरवलं होतं, प्रोफॉर्मा, म्हणजे माल पाठवायच्या आधीचं कच्चं बिल आलं, त्यावर खात्याचा नंबर होता. चार दिवसांनी त्याच मेलच्या ट्रेलमध्ये दुसरा मेल आला, की आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी पेमेंट खालच्या खात्यात करा, सोबत नवीन प्रोफॉर्मा, त्याच लेटरहेडवर, त्याच सही-शिक्क्यासकट. अकाउंटच्या ताईने नवीन नंबर टाकून शुक्रवारी दुपारी पैसे सोडले. मंगळवारी खऱ्या इटलीवाल्याचा मेल आला, पेमेंट कधी करताय?

नंतर मी तो मेल मोठा करून बघितला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जिथे इंग्रजी एम पाहिजे होता तिथे आर आणि एन चिकटून बसवलेले होते. साध्या फॉन्टमध्ये डोळ्यांना एमच दिसतो. आणि खात्याचा नंबर, ज्याला आयबॅन म्हणतात, त्याची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. इटलीचा आयबॅन आयटीने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो, हा एलटीने सुरू होत होता आणि २० अक्षरांचा होता, म्हणजे लिथुआनिया. इटलीतल्या कारखान्याचं खातं लिथुआनियात कशाला असेल हा प्रश्न एकालाही पडला नाही, शेठला नाही, ताईला नाही आणि बँकेच्या काउंटरवरपण नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात म्हणून आपण नाशिककर नोट हातात घेतली की खरी खोटी सांगतो असा आपला समज, पण एका अक्षराने फिरवलेला मेल मात्र कोणालाच ओळखता येत नाही.

मुद्दा एकच धरून ठेवा, पैसे मिनिटात सरहद्द ओलांडतात आणि सरकारी कागद महिन्यांत. त्यामुळे दोन रस्ते एकदमच धरायचे. एक फास्ट रस्ता, बँक ते बँक आणि पोलीस ते पोलीस, ज्याने पैसे जागच्या जागी गोठतात. दुसरा संथ रस्ता, कोर्ट आणि मंत्रालयाचा, ज्याने पुरावा आणि आरोपी मिळतो. बहुतेक लोक पहिला सोडून दुसऱ्याच्या मागे लागतात आणि तोपर्यंत खातं रिकामं होतं.

सगळ्यात आधी बँक, आणि अर्जात "फ्रॉड" हा शब्द

आमच्या शेठने काय केलं, मंगळवार आणि बुधवार दोन्ही दिवस इटलीवाल्याशी भांडण्यात घालवले. तुमचा मेल हॅक झाला, नाही तुमचा झाला. हे भांडण नंतर करा हो, त्याला वर्ष पडलंय. मला गुरुवारी संध्याकाळी फोन आला, शुक्रवारी सकाळी रिकॉल, म्हणजे पैसे परत मागणारा आपल्या बँकेचा समोरच्या बँकेला मेसेज गेला, तोवर पैसे जाऊन बरोबर सात दिवस झाले होते.

कळल्या क्षणी ज्या बँकेतून पैसे गेले तिच्या फॉरेक्स डेस्कला, म्हणजे परदेशी चलनाचं काम बघणाऱ्यांना फोन करा, शाखेतल्या ओळखीच्या साहेबांना नाही, कारण शाखेतून फॉरेक्सवाल्यांपर्यंत कागद पोचायलाच एक दिवस जातो, बऱ्याच बँकांचं हे काम मुंबईत बसून चालतं. फोननंतर लगेच मेल करा आणि शाखेत अर्जाची कॉपी देऊन पोच घ्या. अर्ज लांबलचक नको, मी असा लिहितो (स्विफ्ट कॉपी म्हणजे परदेशी पेमेंटच्या बँक मेसेजची प्रत, बँकेकडून मिळते):

"आमच्या खात्यातून अमुक तारखेला इतके युरो सोबतच्या स्विफ्ट कॉपीप्रमाणे अमुक खात्यात गेले आहेत. हे पेमेंट फसवणुकीतून झालेलं आहे. ताबडतोब रिकॉल पाठवावा, त्यात कारण म्हणून फ्रॉड असं स्पष्ट टाकावं, समोरच्या बँकेला शिल्लक रक्कम रोखून धरायला सांगावं, आणि आम्हाला युईटीआर नंबर व पाठवलेल्या रिकॉलची कॉपी आजच द्यावी."

यात फ्रॉड शब्द का महत्त्वाचा, तर रिकॉलच्या मेसेजमध्ये कारणाचा कोड असतो, आणि ग्राहकाने विनंती केली म्हणून आलेला रिकॉल आणि फसवणूक म्हणून आलेला रिकॉल याकडे समोरची बँक वेगळ्या नजरेने बघते. पहिल्यात ती खातेदाराला विचारत बसते, की बाबा पैसे परत देतोस का, आणि चोर कशाला हो म्हणेल. बँकवाले या मेसेजला एमटी १९२ म्हणतील नाहीतर कॅम्ट ०५६ म्हणतील, काम एकच.

युईटीआर हा त्या पेमेंटचा ३६ अक्षरांचा एकमेव नंबर असतो, कुरियरच्या ट्रॅकिंग नंबरसारखा. पैसे मधल्या कोणत्या बँकेत आहेत, पोचले का, कधी जमा झाले, हे सगळं त्यावरून दिसतं. पोलिसांना, इटलीवाल्याला, समोरच्या बँकेला, सगळ्यांना हाच नंबर द्यायचा. नशीब जोरावर असेल तर पैसे अजून मधल्या बँकेतच अडकलेले असतात आणि तिथूनच मागे वळतात.

वेळेचं गणितपण बघा. नाशिकला दुपारचे साडेतीन म्हणजे उन्हाळ्यात इटलीत बारा, तिकडचं ऑफिस अजून अर्धा दिवस चालू असतं, त्यामुळे आज आता उशीर झाला उद्या बघू असं बँकेने सांगितलं तर ऐकू नका. उलट शुक्रवारी संध्याकाळ उलटली की संपलं, तिकडे शनिवार-रविवार, इकडे दुसरा-चौथा शनिवार, म्हणून हे लोक पेमेंट बरोबर शुक्रवारी मागतात.

१९३० आणि पोलीस

त्याच तासाला दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, म्हणजे आधी जो १५५२६० होता तोच आता हा. सोबत केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. खरं सांगायचं तर १९३० ची खरी ताकद देशातल्या बँका आणि वॉलेटमध्ये आहे, २०२१ पासून ती सिस्टीम चालू आहे आणि पैसे एका भारतीय खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतील तर ती ते मध्येच अडवते. पैसे थेट परदेशात गेले असतील तर ती तिकडचं खातं नाही बंद करू शकत. तरीपण करा, कारण पावती नंबर मिळतो, आणि तक्रार किती वाजता केली याची नोंद राहते, ती पुढे प्रत्येक टेबलावर विचारतात.

मग एफआयआर. अंबड, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड असेल तर शहर आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं, आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, पिंपळगाव बसवंतकडचे असाल तर नाशिक ग्रामीणचं. हद्दीवरून कोणी टोलवलं तर शांतपणे झिरो एफआयआर म्हणा, बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो तक्रार घ्यायची सोय आहे, आणि मेलनेही तक्रार देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. कलमं साधारण बीएनएसचं, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, ३१८ पोटकलम ४, म्हणजे आपलं जुनं चारशेवीस, शिवाय ३१९, आणि आयटी ॲक्टचं ६६ सी आणि ६६ डी. कलमं पोलीसच लावतात, तिथे जाऊन वकिली करू नका.

पुराव्याचं मात्र आजच करा. तो खोटा मेल कोणाला फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड केलेल्या कॉपीत मूळ हेडर राहत नाही, आणि मेल कुठल्या सर्व्हरवरून आला ते त्या हेडरमध्येच असतं. जीमेलमध्ये शो ओरिजिनल करून फाइल डाउनलोड करा, पेनड्राइव्हवर ठेवा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. कोर्टात लागणार म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट करावं लागतं, त्याचे दोन भाग असतात, एक तुमच्या सहीचा आणि एक तज्ज्ञाच्या सहीचा, तपास अधिकारी सांगतात कसं करायचं ते.

आणि हो, मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडून बघा. आमच्या केसमध्ये ताईच्याच मेलमध्ये एक नियम लावून ठेवलेला सापडला, ज्या मेलमध्ये इनव्हॉइस किंवा पेमेंट हा शब्द असेल त्याची एक कॉपी गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर. म्हणजे दोन दिवस शेठ ज्या इटलीवाल्याला शिव्या घालत होते त्याची चूक नव्हतीच, छिद्र आपल्याच घागरीला. पासवर्ड बदलायच्या आधी त्या नियमाचा फोटो काढा मग काढून टाका, नाहीतर पुरावाच जातो.

इंटरपोल म्हणजे नक्की काय, आणि तिथे कसं जायचं

लोकांना वाटतं इंटरपोल म्हणजे पिक्चरमधले सूट घातलेले पोलीस जे विमानाने येऊन धरतात. तसलं काही नाही. १९६ देशांच्या पोलिसांना एकमेकांशी बोलायला केलेली ती यंत्रणा आहे, मुख्य ऑफिस फ्रान्समध्ये लियॉनला, आणि प्रत्येक देशात तिचं एक दार असतं. भारतातलं दार म्हणजे सीबीआय. तुम्ही आम्ही तिथे सरळ अर्ज टाकून उपयोग नाही, तपास अधिकाऱ्याकडून जावं लागतं. पूर्वी हे पत्रव्यवहाराने चालायचं, जिल्ह्यातून राज्याला, राज्यातून दिल्लीला. ७ जानेवारी २०२५ पासून सीबीआयचं भारतपोल नावाचं पोर्टल सुरू झालंय, त्यावरून राज्यांचे पोलीस विनंती थेट ऑनलाइन पाठवू शकतात. तपास अधिकाऱ्याला नम्रपणे हे नाव घेऊन विचारा, साहेब भारतपोलवरून रिक्वेस्ट जाईल का. नवीन गोष्ट आहे, आठवण करून दिली तर काही बिघडत नाही.

इंटरपोलकडे नेमकं काय मागायचं हेही माहिती पाहिजे. २०२२ पासून त्यांची आय-ग्रिप म्हणून सोय आहे, एका देशातून फसवून गेलेला पैसा दुसऱ्या देशात अडवायची तातडीची विनंती. हे नुसतं कागदावर नाही. जुलै २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका कमोडिटी कंपनीला अगदी आपल्या शेठसारखाच मेल आला, पुरवठादाराच्या नावाने, पत्त्यात एका अक्षराचा फरक, नवीन खातं तिमोर लेस्तेमध्ये. १९ तारखेला त्यांनी ४ कोटी २३ लाख डॉलर सोडले. खऱ्या पुरवठादाराने पैसे आले नाहीत म्हटल्यावर २३ ला पोलिसात गेले, आणि २५ ला, म्हणजे दोनच दिवसांत, ३ कोटी ९० लाख डॉलर तिकडच्या खात्यात अडवले गेले. पुढे तिथे सात जणांना धरलं आणि अजून २० लाखांच्या वर मिळाले. बघा, चार दिवस उशीर होऊनसुद्धा मिळाले, कारण तक्रार झाल्यावर पोलिसांनी कोर्टाच्या पत्राची वाट न बघता सरळ फास्ट रस्ता धरला.

अधिकाऱ्याला विनंती पाठवायला सोपं जावं म्हणून मी एक पानाचा कागद करून देतो, इंग्रजीत, टाइप केलेला, त्यात फक्त एवढं:

- पैसे कोणाच्या खात्यातून गेले, तारीख, वेळ, रक्कम, चलन
- युईटीआर आणि स्विफ्ट कॉपी
- समोरचं खातं, बँकेचा स्विफ्ट कोड, देश
- खरा पुरवठादार कोण, त्याचं खरं खातं कोणतं
- खोटा मेल पत्ता आणि खरा मेल पत्ता, शेजारी शेजारी, मोठ्या अक्षरात
- एफआयआर नंबर, १९३० चा पावती नंबर, बँकेने रिकॉल कधी पाठवला

एक पान. फाइल नाही. एका अधिकाऱ्याकडे अशा कितीतरी केस असतात, तुमची चाळीस पानांची कहाणी वाचायला त्याला वेळ नसतो, पण हे एक पान तो पोर्टलवर टाकून मोकळा होतो.

पैसे ज्या देशात गेले तिथेही दार ठोठावा

हे बहुतेक लोकांना माहितीच नाही की काही देशांत बाहेरचा माणूसपण तक्रार करू शकतो. अमेरिकेतल्या खात्यात गेले असतील तर एफबीआयच्या आयसी-३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर ऑनलाइन तक्रार टाका, भारतात बसून चालते. त्यांच्याकडे फसवून पाठवलेले बँकेचे पैसे अडवायची एक पद्धत आहे, पण त्यात रिकॉल लवकर गेलेला असणं महत्त्वाचं, म्हणून मी आधी रिकॉल रिकॉल ओरडत होतो. हाँगकाँगला पोलिसांचं फसवणूक विरोधी केंद्र २०१७ पासून आहे आणि ते बँकांशी मिळून पैसे अडवायचं काम करतं, सिंगापूरला २०१९ पासून तसंच. युरोपात एकच दार नाही, युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था सामान्य माणसाची तक्रार घेत नाही, ज्या त्या देशाच्या पोलिसांकडे जावं लागतं.

म्हणून खरा पुरवठादार इथे कामाला येतो. भांडण बाजूला ठेवून त्याला सांगा, की बाबा तुझ्या नावाचं खोटं लेटरहेड वापरलंय, तूपण तुझ्या पोलिसात तक्रार दे आणि आम्हाला एक पत्र दे की हे खातं तुझं नाही. आमच्या इटलीवाल्याने ते पत्र दोन दिवसांत दिलं, भला माणूस. त्याच पत्रावर, ते खातं जिच्याकडे होतं त्या लिथुआनियाच्या कंपनीने खातं गोठवलं, कारण त्यांना तोपर्यंत वाटत होतं की हा दोन व्यापाऱ्यांमधला मालाचा वाद आहे, आणि मालाच्या वादात कोणी खातं गोठवत नाही.

अजून एक रस्ता आहे जो तुम्हाला दिसत नाही. प्रत्येक देशात संशयास्पद व्यवहार बघणारी एक संस्था असते, आपल्याकडे एफआययू-इंडिया, दिल्लीत. अशा संस्था एग्मॉन्ट ग्रुप नावाच्या गटातून एकमेकींना माहिती देतात, गट १९९५ चा आहे, आपण २००७ पासून त्यात आहोत. तुम्ही तिथे नाही जाऊ शकत, पण तुमची बँक संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट पाठवू शकते, तेवढी विनंती अर्जात करून ठेवा. बँक केलं की नाही ते सांगणार नाही, कायद्यानेच सांगता येत नाही, त्यामुळे त्यावरून काउंटरवर वाद नको. आणि या रस्त्याने येते ती नुसती माहिती, पुरावा म्हणून कोर्टात ती तशीच नाही वापरता येत.

पुराव्यासाठी संथ रस्ता. बीएनएसएसच्या कलम ११२ खाली, जुन्या सीआरपीसीत १६६ ए होतं, तपास अधिकारी कोर्टाकडून परदेशातल्या कोर्टाला किंवा अधिकाऱ्याला विनंतीपत्र मागतो, त्याला लेटर रोगेटरी म्हणतात. ज्यांच्याशी आपला परस्पर कायदेशीर मदतीचा करार आहे, आणि असे चाळीसच्या वर देश आहेत, तिथे गृहमंत्रालयामार्फत विनंती जाते. बऱ्याचदा इकडचा गुन्हा तिकडेपण गुन्हा असावा लागतो, तिकडच्या भाषेत भाषांतर करून द्यावं लागतं, तारीख-नाव एक जरी चुकलं तरी परत येतं. महिने जातात, कधी वर्ष. मोठ्या केसमध्येपण बघा ना, नीरव मोदीला मार्च २०१९ मध्ये लंडनमध्ये धरलं आणि तिथल्या हायकोर्टाने त्याचं अपील फेटाळलं नोव्हेंबर २०२२ ला. मग आपल्या अठरा हजार युरोचं काय ते समजून घ्या. हा रस्ता सोडायचा नाही, पण त्याच्यावर डोळे लावूनही बसायचं नाही.

शेठने मला विचारलंच होतं, आपल्या एवढ्याशा पैशासाठी तिकडचा पोलीस कशाला हात हलवेल? बरोबर प्रश्न आहे. उत्तर हे की त्यांनाही परीक्षा असते. एफएटीएफ म्हणून संस्था आहे, १९८९ मध्ये जी-७ ने पॅरिसला काढलेली, ती प्रत्येक देशाला तपासते की काळा पैसा अडवायला तुम्ही दुसऱ्या देशांना मदत करता की नाही, आणि नापास झालं की त्या देशाच्या बँकांना बाहेर धंदा करणं अवघड होतं. आपलीपण तपासणी झाली, अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला, बऱ्यापैकी पास झालो. भ्रष्टाचाराच्या पैशासाठी वेगळा करार आहे, संयुक्त राष्ट्रांचा, २००३ चा, भारताने २०११ ला मान्य केला, त्यात चोरलेला पैसा मूळ देशाला परत करणं हे तत्त्व म्हणून लिहिलंय. लाचेचा पैसा असो की शेठचा ॲडव्हान्स, तिकडे पोचल्यावर तो शोधायची बँका आणि पोलिसांची साखळी बरीचशी तीच.

 

द्राक्षवाल्यांनो, तुमचं उलटं आहे

तुम्ही माल पाठवता, पैसे रॉटरडॅमहून यायचे असतात. चोर तुमच्या नावाने खरेदीदाराला मेल करतो की आमचं खातं बदललं, आणि तो बिचारा भलतीकडे भरतो. इथे पैसे त्याच्या खात्यातून गेलेत, म्हणून रिकॉल आणि पहिली पोलीस तक्रार त्यानेच त्याच्या देशात करायची असते, तुम्ही पिंपळगावला बसून १९३० ला कितीही फोन केले तरी तुमच्या खात्यातून काही गेलेलंच नाही. त्याला फोन करा, मेल नाही, फोन, आणि आत्ताच्या आत्ता बँकेत जायला लावा. युरोपात आता ऑक्टोबर २०२५ पासून युरो भरताना खातेदाराचं नाव आणि नंबर जुळतो का ते बँकेने दाखवायचं बंधन आलंय, पण ते तिकडच्या खात्यांपुरतं, आणि लाल खूण दिसली तरी ओके दाबणारे लोक असतातच. तुमच्या बाजूने इथे एफआयआर कराच, कारण मेल तुमचाच फुटलेला असायची शक्यता मोठी, आणि बँकेला लेखी कळवा, कारण शिपिंग बिलासमोर पैसे आले नाहीत की ईडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या एक्स्पोर्टच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या सिस्टीममध्ये ती एंट्री उघडी राहते आणि पुढच्या सीझनला तीच नडते.

इम्पोर्टवाल्यांनाही तेच. शेठच्या ॲडव्हान्ससमोर माल आलाच नाही, मग बिल ऑफ एंट्री कुठून आणणार, पण सिस्टीमला काय कळतं, दर महिन्याला बँकेचं पत्र, बिल ऑफ एंट्री सादर करा. एफआयआरची कॉपी, रिकॉलची कॉपी आणि एक अर्ज देऊन हे सुरुवातीलाच बँकेच्या फाइलला लावून घ्या. आम्ही ते पाचव्या महिन्यात केलं आणि तोपर्यंत शेठ स्वतःच संशयित असल्यासारखी उत्तरं देत होते.

दुसऱ्यांदा लुटले जाऊ नका

तक्रार केल्यावर दोनेक आठवड्यांत एक व्हॉट्सॲप येईल, डीपीला इंटरपोलचा लोगो, तुमचे पैसे सापडलेत, रिलीज फी भरा. आमच्या शेठला आलं आणि शेठ भरायलाच निघाले होते, ताईने अडवलं. इंटरपोल कोणाला असा मेसेज करत नाही आणि पैसे तर मागतच नाही. परदेशातून पैसे काढून देतो, टक्केवारी घेतो म्हणणारे रिकव्हरीवालेपण याच जातीचे. आणि कोणी हवाल्याने सेटल करू म्हणालं तर तिथून उठा, आत्ता तुम्ही फिर्यादी आहात, मग आरोपी व्हाल.

पुढच्या वेळेसाठी शेठने एक नियम केलाय. खातं बदललं असा मेल आला की पेमेंट थांबतं, आणि जुन्या पर्चेस ऑर्डरवर जो फोन नंबर आहे त्यावर, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, फोन करून समोरच्याकडून आयबॅन तोंडी वाचून घ्यायचा. इटलीवाल्याचा नंबर मार्करने ताईच्या टेबलामागच्या भिंतीवर लिहिलाय. मेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरूनही खात्री करायची सोय लावलीय, ते तर आज संध्याकाळीच लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या केसचं शेवटी काय झालं ते विचारताच सगळे. रिकॉल पोचला तेव्हा लिथुआनियाच्या खात्यात ६,२०० युरो उरले होते, बाकीचे तीन दिवसांतच पुढे गेलेले. ते ६,२०० गोठले, मग तिकडच्यांनी आपल्या बँकेकडून हमीपत्र मागितलं, बँकेने ते शेठकडून स्टॅम्प पेपरवर मागितलं, दोनदा मजकूर बदलला, आणि सातव्या महिन्यात पैसे आले, मधल्या बँकांचे चार्जेस कापून ६,१४८. आता हे परत आलेले पैसे कोणत्या पर्पज कोडखाली (पैसे कशाचे ते सांगणारा बँकेचा कोड) जमा करायचे यावर बँकेने अजून तीन दिवस घेतले.